चुकीच्या खिडकीवर विचारलेला प्रश्न

सरकारी आरोग्यसेवेतले औषधनिर्माते (फार्मासिस्ट) आपल्या कामावर समाधानी आहेत का, हा प्रश्न अधूनमधून कुठल्या ना कुठल्या पाहणीच्या निमित्ताने वर येतो आणि दर वेळी त्यावरची चर्चा त्याच दोन वाटांनी जाते. एका बाजूचे लोक म्हणतात, कायमची नोकरी, ठरलेला पगार, निवृत्तिवेतन, वर सावलीतले काम. एवढे असून असमाधान कसले? दुसऱ्या बाजूचे म्हणतात, वेतनश्रेणी सुधारा, बढत्या द्या, समाधान आपोआप येईल. भांडण जोरात चालते, पण एक गोष्ट दोघांनीही न बोलता मान्य केलेली असते: समाधान म्हणजे नोकरीने दिलेल्या सोयींची पोच. कमी दिले की माणूस कुरकुरतो, जास्त दिले की गप्प बसतो. माझ्या मते हा पायाच चुकला आहे. सरकारी औषधनिर्मात्याला काय मिळते, यापेक्षा त्याला काय ठरवता येते आणि कशाकशाबद्दल उत्तर द्यावे लागते, या दोहोंमधल्या अंतरात त्याच्या असमाधानाचे मूळ आहे. आणि या अंतराची किंमत तो एकटा मोजत नाही, रुग्णही मोजतो.

या कामाचे स्वरूप बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. औषध शरीरात कसे शोषले जाते, यकृतात त्याचे काय होते, मूत्रपिंडे थकली असतील तर मात्रा किती उतरवावी, रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनवर असलेल्या माणसाने कोणती वेदनाशामके टाळावीत, हे सगळे शिकून माणूस या नोकरीत येतो. नोकरी त्याला एका खिडकीमागे उभा करते. चिठ्ठी वाचायची, पट्टी कापायची, पाकिटावर खुणा करायच्या, ‘जेवणानंतर घ्या’ म्हणायचे, पुढचा. रांग लांब असली की ‘जेवणानंतर’ हेही गिळले जाते. खिडकी बंद झाली की वह्या उघडतात: आवक, जावक, शिल्लक, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी, मागणीपत्रक, लसींच्या शीतकपाटाचे तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहिल्याची नोंद. यातले कोणते औषध यावे, किती यावे, कधी यावे, हे बहुधा दुसऱ्या कुणीतरी दूरच्या कार्यालयात बसून ठरवलेले असते. न मागितलेल्या गोळ्यांची खोकी येतात, मागितलेले इन्सुलिन येत नाही. खोक्यांमधल्या गोळ्या मुदतबाह्य झाल्या की लेखापरीक्षक विचारतो औषधनिर्मात्याला. इन्सुलिन नाही म्हणून रुग्ण ओरडतो तोही औषधनिर्मात्यावरच, कारण खरेदीचा निर्णय घेणाऱ्या कार्यालयाला खिडकी नसते.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. खासगी दुकानात बारा-बारा तास उभे राहणारे, आज आहे उद्या नाही अशा नोकरीत असणारे कितीतरी औषधनिर्माते सरकारी नोकरीची वाट पाहत असतात. त्यांच्या तुलनेत सरकारी माणूस सुखी आहे, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. नोकरीची शाश्वती ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याला तिची खिल्ली उडवलेली आवडत नाही, ते बरोबरच आहे. पण शाश्वतीने कामातला ताण मिटतो का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला जगातला सर्वांत चांगला पुरावा नेमका सरकारी नोकरांचाच आहे. ब्रिटनमध्ये 1967 साली लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला, तो ‘व्हाइटहॉल’ अभ्यास म्हणून ओळखला जातो. त्यात गरीब, बेकार, बेघर असे कुणी नव्हते. सगळे कायम नोकरीतले होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही फरकाचा मोठा भाग उरलाच. 1985 पासून याच धर्तीवर दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात स्त्रियाही होत्या. 1997 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत त्या उरलेल्या फरकाचे एक मोठे कारण पुढे आले: आपल्या कामावर स्वतःचा ताबा किती. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्येच मांडले होते की माणसाला नुसते जास्त काम थकवत नाही. जास्त काम आणि त्याबद्दल कमी निर्णयाधिकार ही जोडी थकवते. खिडकीमागच्या माणसाचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. ‘कायमची नोकरी आहे ना?’ असे विचारणाऱ्याला व्हाइटहॉलचे उत्तर आहे: हो, आहे, आणि तरीही.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे आणि तो घेणारे लोक अभ्यासू असतात. ते म्हणतात, समाधानी कर्मचारी चांगले काम करतो याला पुरावा कुठे आहे? मला हा आक्षेप आवडतो, कारण तो बराचसा खरा आहे. 1985 मध्ये इयाफाल्डानो आणि मुचिन्स्की यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून समाधान आणि कामगिरी यांच्यातला सहसंबंध मोजला, तो सुमारे 0.17 भरला (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). 2001 मध्ये जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक काळजीपूर्वक मांडणी केली तेव्हा तो 0.30 पर्यंत गेला. म्हणजे संबंध आहे, पण सुखी माणूस म्हणजे दक्ष माणूस असे म्हणण्याइतका मुळीच नाही. प्रत्येकाच्या पाहण्यात एखादा असा कर्मचारी असतोच, जो दुपारी बारालाच खिडकी ओढून घेतो आणि पाहणीत ‘अत्यंत समाधानी’ या चौकटीवर खूण करतो. त्याच्या समाधानाचे समाजाने काय करायचे?

पण या आक्षेपाने पाडायचे ते पाडले, तरी माझे म्हणणे शाबूत राहते. उलट पक्के होते. औषधनिर्मात्याला खूश ठेवा, मग तो चांगले काम करील, असा माझा दावाच नाही. ताप हा आजार नसतो, पण ताप मोजायचा सोडून कुणी आजार शोधत नाही. असमाधानाकडे तसे पाहावे. ज्या रचनेमुळे औषधनिर्माता चिडतो किंवा थिजतो, त्याच रचनेमुळे रुग्णाच्या हातात चुकीची मात्रा पडते. कारण एक, परिणाम दोन. त्यामुळे असमाधान घालवण्यासाठी सहली, सत्कार आणि ‘उत्कृष्ट कर्मचारी’ पुरस्कार वाटणे म्हणजे पारा झटकून खाली आणणे झाले.

याचा पुरावा म्हणून 1999 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका अतिदक्षता विभागात अनुभवी औषधनिर्माता सकाळच्या फेरीला डॉक्टरांबरोबर जाऊ लागला. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. औषध लिहिले जात असताना औषध जाणणारा माणूस तिथे हजर, एवढाच बदल. औषध लिहिण्याच्या टप्प्यावरच्या चुकांमुळे होणाऱ्या, टाळता येण्याजोग्या अपायांचे प्रमाण 66 टक्क्यांनी घटले. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा: औषधनिर्मात्याने 366 सूचना केल्या, डॉक्टरांनी त्यातल्या 362 स्वीकारल्या. म्हणजे ‘डॉक्टर ऐकणार नाहीत’ ही जी सबब वर्षानुवर्षे दोन्ही बाजू पुढे करतात, ती निदान त्या विभागात तरी उभी राहिली नाही. ऐकण्याची अडचण बहुधा दुसरीच असते. सांगणारा खिडकीमागे असतो, ऐकणारा खाटेपाशी, आणि मध्ये जिना असतो.

औषधनिर्मात्यांच्या संघटनांच्या बाजूविषयीही बोलायला हवे, कारण माझी सहानुभूती त्यांच्याकडे आहे आणि म्हणूनच मला त्यांची मांडणी अधिक खटकते. कंत्राटावर वर्षानुवर्षे राबवून घेणे, एकाच पदावर भरती होऊन त्याच पदावरून निवृत्त होणे, शेजारच्या संवर्गाहून कमी वेतन, हा अन्याय आहे. तो दूर व्हायलाच हवा आणि त्यासाठी ‘याने समाधान वाढेल’ असे दुसरे कारण देण्याची गरज नाही. न्याय्य वेतन हे न्याय्य आहे म्हणूनच द्यायचे असते. ते समाधानाच्या आकड्याला बांधले की एक सापळा तयार होतो: वेतन वाढले, दोन-तीन वर्षांनी पाहणी झाली, आकडा हलला नाही, की प्रशासन हात वर करायला मोकळे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून मांडले की पगार, धोरणे, वरिष्ठांची वागणूक यांतल्या उणिवा असमाधान निर्माण करतात; पण समाधान येते ते कामातल्या यशातून, जबाबदारीतून, कामाची दखल घेतली जाण्यातून. या सिद्धान्तावर टीका झाली आहे, आणि ती रास्त आहे: चांगले घडले की श्रेय स्वतःला आणि वाईट घडले की दोष साहेबांना, ही माणसाची सवयच आहे, त्यामुळे मुलाखतीत असेच चित्र उमटणार. तरी त्यातला एक भाग टीकेतून तरून जातो. पगाराची तक्रार मिटली म्हणून पट्ट्या कापण्याचे काम अर्थपूर्ण होत नाही.

इथे हमखास एक शंका निघते: औषधनिर्मात्याला अधिकार द्यायचे म्हणजे डॉक्टरच्या कामात ढवळाढवळ नाही का? ही शंका नवी नाही. तेराव्या शतकात, 1240 च्या सुमारास, सम्राट दुसरा फ्रेडरिक याने आपल्या सिसिलीच्या राज्यात वैद्य आणि औषधे तयार करणारे यांचे व्यवसाय कायद्याने वेगळे केले. वैद्याने औषधविक्रीत भागीदारी करायची नाही, औषधवाल्याने नियमाप्रमाणेच औषध बनवायचे. या फारकतीमागचा विचार आजही पटण्यासारखा आहे: लिहिणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा खिसा एक नसावा, आणि एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर असावी. पुढच्या शतकांत भिंत राहिली, नजर मात्र गेली. भिंतीचा उपयोग वरच्याने खालच्याला जागा दाखवण्यासाठी होऊ लागला. लंडनमध्ये 1665 च्या प्लेगात पुष्कळसे वैद्य शहर सोडून गेले. औषधवाले अपोथेकरी बऱ्याच संख्येने मागे राहिले आणि लोकांना तपासत, औषधे देत राहिले. साथ ओसरल्यावर ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या वैद्यांच्या संस्थेला आपली हद्द पुन्हा आठवली. विल्यम रोझ नावाच्या अपोथेकरीवर खटला भरला गेला, कारण त्याने वैद्याच्या चिठ्ठीशिवाय एका खाटकाला औषधे दिली होती. सल्ल्याचे शुल्क त्याने घेतलेही नव्हते. खालच्या न्यायालयात तो हरला. 1704 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. हद्द कडक पाळली तर वैद्य न परवडणाऱ्या गरिबांनी जायचे कुठे, हा रोझच्या बाजूचा मोठा मुद्दा होता.

हद्दीच्या वादात गरीब कुठे उभा आहे, हा प्रश्न विचारला की वाद बराच सोपा होतो. सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्याला दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे परवडत नाही. त्याच्यासाठी चिठ्ठीवरची दुसरी नजर म्हणजे औषधनिर्मात्याची नजर. ती नसेल तर कुणाचीच नाही. ब्रिटनने 2006 पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या औषधनिर्मात्यांना स्वतंत्रपणे औषध लिहिण्याची मुभा दिली, कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताने 2007 पासून. सगळीकडे लगेच तेवढे करा असे मी म्हणत नाही. माझी मागणी फार छोटी आहे. चिठ्ठी थांबवण्याचा, लिहिणाऱ्याला परत विचारण्याचा आणि त्या विचारण्याची लेखी नोंद ठेवण्याचा अधिकार कागदावर असावा आणि प्रत्यक्षातही असावा. ज्या ठिकाणी तो कागदावर आहे तिथेही रांगेच्या रेट्यात तो वापरता येत नसेल, तर तो नाहीच असे समजावे.

‘आधी औषधे येऊ द्या, माणसे भरा, मग तुमचे अधिकार आणि समाधान’ असे म्हणणाऱ्यांपुढे मात्र मी थोडा थांबतो. जिथे एकच औषधनिर्माता शेकडो रुग्णांना तोंड देतो, तिथे समुपदेशन, वैद्यकीय फेऱ्या वगैरे शब्द थट्टेसारखे वाटतात, हे मान्य. कपाट रिकामे असताना औषधांची आंतरक्रिया, म्हणजे एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम, कोण तपासणार? पण रिकामे कपाट हा निसर्गाचा कोप नसतो, तोही निर्णयांचा परिणाम असतो, आणि ते निर्णय कुणी घ्यायचे हाच तर मुद्दा आहे. तमिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारले. अत्यावश्यक औषधांची मर्यादित यादी, जिल्ह्यांत गोदामे, प्रत्येक खेपेची तपासणी, आणि प्रत्येक आरोग्यसंस्थेच्या नावाचे पासबुक, ज्यात तिच्या वाट्याची रक्कम जमा दिसते आणि ती आपल्या गरजेप्रमाणे औषधे उचलते. वरून ढकललेली खोकी स्वीकारणे आणि आपल्या पासबुकातून आपली मागणी करणे, यांत खिडकीमागच्या माणसाचा दर्जाच बदलतो. तिथला औषधनिर्माता त्यामुळे आनंदी झाला, असा दावा मी करणार नाही. एवढेच म्हणेन की शिल्लक संपली तर तिचे उत्तर आता त्याच्याजवळही थोडे आहे, आणि उत्तर जवळ असलेल्या माणसाला प्रश्न अपमानासारखा वाटत नाही.

पुरवठ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुनाशक औषधाच्या द्रवरूप प्रकाराने शंभरावर माणसे दगावली, कारण ते डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवले होते. त्यातून पुढच्याच वर्षी तिथला औषध कायदा बदलला. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण मेले. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सडलेली साखळी उघडी केली. 2022 मध्ये गांबियात साठांहून अधिक मुलांच्या मृत्यूंचा संबंध अशाच दूषित सिरपांशी जोडला गेला. बाटली नुसती पाहून औषधनिर्मात्याला हे विष ओळखता येणार नाही, हे उघड आहे. पण कोणत्या खेपेचा माल कोणत्या दिवशी किती जणांना गेला, हे फक्त त्यालाच ठाऊक असते, आणि एकाच सिरपानंतर लघवी बंद झालेली दोन मुले परत आली तर तो धागा जुळवू शकणारा माणूसही तोच. संशय आला तर स्वतःच्या सहीने ती खेप बाजूला ठेवण्याचा अधिकार त्याला आहे का? की वरून पत्र येईपर्यंत वाटत राहायचे? ज्याला वाटत राहावे लागते, त्याच्या असमाधानाला मी कुरकुर म्हणणार नाही.

यंत्रांचा मुद्दा मी झटपट उरकतो, कारण त्यात दम कमी आहे. गोळ्या मोजणारी यंत्रे आली, संगणक आंतरक्रियांचे इशारे देऊ लागला, मग माणसाचे रडगाणे कशाला, असे विचारले जाते. मोजण्याचे काम यंत्राने जरूर करावे. ते माणसाकडे होते हीच तक्रार आहे. इशाऱ्यांचे मात्र असे होते की ते इतके वाजतात की लिहिणारा न वाचता पुढे जातो. मग खरा इशारा कोणता, हे सांगायला पुन्हा औषध जाणणारा माणूसच लागतो.

उरतो प्रश्न पाहण्यांचा. ‘एकूणात आपण आपल्या नोकरीवर किती समाधानी आहात?’ या प्रश्नाला एक ते पाच अंकांत मिळालेल्या उत्तरांची सरासरी काढून जे हाती येते, त्यावर धोरण ठरवणे धोक्याचे आहे. जे फार वैतागले ते सोडून गेलेले असतात आणि पाहणी उरलेल्यांची होते. ज्यांनी अपेक्षाच खाली आणल्या, तेही समाधानी म्हणून मोजले जातात. शिकलेले विसरून गेलेल्या माणसाला ते वापरता येत नाही याचे दुःख होत नाही. त्याउलट नोकरीत नवा आलेला, डोक्यात औषधशास्त्र ताजे असलेला तरुण सर्वांत असमाधानी दिसला, तर ती आरोग्यव्यवस्थेसाठी चांगली बातमीसुद्धा असू शकते. सरासरीत हे दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. वरिष्ठांमार्फत वाटलेल्या आणि वरिष्ठांकडेच परत गेलेल्या प्रश्नावलीत लोक काय लिहितात, हे सांगायला नको.

त्यापेक्षा दुसरे काही विचारावे. गेल्या महिन्यात शंका आली म्हणून किती चिठ्ठ्या थांबवल्या? त्यातल्या किती बदलून आल्या? मागितलेले आणि आलेले औषध यांत किती तफावत होती, आणि तिचे कारण तुम्हाला कळवले गेले का? मुदतबाह्य झालेल्या मालापैकी तुम्ही मागितलेला किती होता? एखादी खेप संशयावरून रोखली का, रोखल्यावर काय झाले? रुग्णाशी बोलायला किती वेळ मिळाला? यातल्या एकाही प्रश्नात समाधान हा शब्द नाही, आणि उत्तरांसाठी मानसशास्त्रज्ञाचीही गरज नाही. साठा नोंदवहीशेजारी आणखी एक वही लागेल, आणि ती वही दर महिन्याला वैद्यकीय अधिकारी व औषध खरेदी करणारे कार्यालय या दोघांनी उघडून, वाचून, खाली लेखी उत्तर लिहायची सक्ती.